घरच्या संगणकाचे प्रशासक खाते: अधिकार कोणाला, किती आणि ते कसे बदलावेत

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना विंडोज जे खाते तयार करून घेते, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दर्जाचे, म्हणजे प्रशासकाचे सर्व अधिकार असलेले असते. पुष्कळदा हे खाते दुकानातच उघडून दिले जाते, त्याला पासवर्ड ठेवलेला नसतो, आणि घरी आल्यावर त्याच एका खात्यावर वडिलांची जीएसटीची विवरणपत्रे, मुलीचा महाविद्यालयातील प्रकल्प, धाकट्याचे खेळ आणि चवथीला घरी जमलेल्या भावंडांचे सिनेमे असे सगळेच चालते. गोव्यात 2000 च्या दशकात सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचू लागले, आणि एका संगणकावर सगळ्यांनी मिळून एकच खाते वापरण्याची पद्धत आजही अनेक घरांत आणि दुकानांत चालू आहे. ती बदलणे अवघड नाही आणि त्यासाठी खर्चही येत नाही. फक्त कामाचा क्रम चुकवून चालत नाही. पुढील माहिती मुख्यतः विंडोज 11 ची आहे. विंडोज 10 मध्ये पानांची नावे जिथे वेगळी आहेत तिथे तसे सांगितले आहे, परंतु मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवलेला असल्यामुळे तो संगणक बदलण्याचा किंवा नव्या आवृत्तीवर नेण्याचा विचारही सोबतच करावा.

अधिकार खात्याला असतात, ते प्रोग्रॅमला मिळतात

संगणकावरील प्रत्येक प्रोग्रॅम कोणत्या ना कोणत्या खात्याच्या नावाने चालतो, आणि त्या खात्याला जे करण्याची मुभा आहे ते सर्व त्या प्रोग्रॅमला करता येते. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की बाकीचा विषय आपोआप उलगडत जातो. ई-मेलमधून आलेली एखादी फाइल बिल समजून उघडली आणि ती घातक प्रोग्रॅम निघाली, तर तो प्रोग्रॅम किती खोलवर जाऊ शकेल हे आपण कोणत्या खात्यात बसलो आहोत त्यावर ठरते. म्हणून प्रशासक खात्याचा विचार करताना घरातील कोणावर किती विश्वास आहे एवढेच पाहून भागत नाही. घरातील सर्वात जबाबदार माणसानेही रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे, कारण चूक करणारा बहुधा माणूस नसतो, त्याच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम असतो.

प्रशासक खात्याला संपूर्ण संगणकावर परिणाम करणाऱ्या गोष्टी करता येतात: सर्वांसाठी सॉफ्टवेअर बसवणे आणि काढणे, ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर) घालणे, विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये फेरफार करणे, विषाणूरोधक संरक्षण आणि फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या अनाहूत जोडण्या अडवणारी व्यवस्था) बंद करणे, संगणकाचे घड्याळ बदलणे, नवी खाती उघडणे आणि जुनी काढून टाकणे, इतरांचे पासवर्ड बदलणे. दुसऱ्याच्या खात्यातील फोल्डर उघडताना प्रशासकाला ‘आपल्याला येथे परवानगी नाही’ अशी पाटी दिसते खरी, पण तिच्यावरील ‘कंटिन्यू’ हे बटण दाबले की ती परवानगी त्याला कायमची मिळते.

स्टँडर्ड, म्हणजे साध्या दर्जाच्या खात्याला यांपैकी काही करता येत नाही, आणि तरीही रोजच्या कामात त्याचे जवळजवळ काहीच अडत नाही. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, गोवा ऑनलाईन या सरकारी पोर्टलवरून दाखल्यासाठी अर्ज करणे, बँकेचे व्यवहार, वाय-फाय जोडणे, बसवलेल्या प्रिंटरवर छापणे, विंडोजची अद्ययावत आवृत्ती घेणे, स्वतःचा पासवर्ड बदलणे, मराठी कळफलक जोडणे, हे सर्व स्टँडर्ड खात्यातून होते. मराठी टंक, म्हणजे फॉन्ट, बसवण्याचे उदाहरण येथे बोलके आहे. टंकाच्या फाइलवर माउसची उजवी कळ दाबली की ‘इन्स्टॉल’ आणि ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ असे दोन पर्याय दिसतात. दुसऱ्या पर्यायाशेजारी निळ्या-पिवळ्या ढालीचे लहानसे चिन्ह असते, पहिल्याशेजारी नसते. पहिला पर्याय टंक फक्त आपल्यापुरता बसवतो, त्यामुळे त्याला प्रशासकाची गरज पडत नाही. विंडोजमध्ये जिथे जिथे ती ढाल दिसेल, तिथे प्रशासकाचा अधिकार मागितला जाणार आहे असे समजावे.

मध्येच येणारी परवानगीची खिडकी

‘आपण या प्रोग्रॅमला संगणकात बदल करू देणार आहात का’ असे विचारणारी खिडकी सर्वांच्या परिचयाची आहे, पण ती वाचणारे फार थोडे. तिला यूजर अकाउंट कंट्रोल, थोडक्यात यूएसी, म्हणतात, आणि ती 2007 साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सुरू झाली. त्यापूर्वीच्या विंडोज एक्सपीवर प्रशासक खात्यातून चालवलेला प्रत्येक प्रोग्रॅम कोणालाही न विचारता सर्वाधिकारांनिशी चालत असे. व्हिस्टापासून प्रशासक खात्यात प्रवेश केल्यावरही प्रोग्रॅम आधी साध्या अधिकारांनीच चालतात, आणि जास्तीचे अधिकार लागतील तेव्हा ही खिडकी उघडते.

ती उघडताना मागचा पडदा अंधारतो, त्यालाही कारण आहे. त्या वेळी विंडोज एका वेगळ्या, बंदिस्त पडद्यावर गेलेले असते, जेणेकरून दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने आपल्या वतीने परस्पर ‘यस’ दाबू नये. खिडकीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रोग्रॅमचे नाव. दुसरी, प्रकाशकाचे, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीचे, नाव: ते तपासलेले असेल तर वरची पट्टी निळी असते, अज्ञात असेल तर पिवळी. तिसरी, फाइल कोठून आली, म्हणजे ती संगणकाच्या डिस्कवरील आहे की इंटरनेटवरून उतरवलेली. परंतु या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा प्रश्न खिडकीत लिहिलेला नसतो, तो आपणच स्वतःला विचारायचा असतो: या क्षणी मी काही बसवायला निघालो होतो का? आपण नुसती एक पीडीएफ उघडत असताना किंवा एखादे संकेतस्थळ पाहत असताना ही खिडकी आली, तर प्रकाशकाचे नाव कितीही ओळखीचे वाटले तरी ‘नो’ दाबावे.

प्रशासक खात्यात या खिडकीवर फक्त ‘यस’ दाबावे लागते. स्टँडर्ड खात्यात मात्र प्रशासकाचा पासवर्ड किंवा पिन टाकावा लागतो, आणि माझ्या मते सगळा फरक येथेच पडतो. ‘यस’ दाबायला हात सरावलेला असतो. पासवर्ड टाकायला मात्र थांबावे लागते, आणि तो ठाऊक नसलेल्या मुलाला किंवा दुकानातील नोकराला विचारायला यावे लागते. शिवाय प्रशासक खात्यात ही खिडकी चुकवून पुढे जाण्याच्या युक्त्या घातक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ठाऊक आहेत, आणि मायक्रोसॉफ्टनेही या खिडकीला सुरक्षेची पक्की सीमा म्हटलेले नाही. दोन वेगळ्या खात्यांमधील भिंत त्याहून कितीतरी भक्कम असते.

खिडकी वारंवार येते म्हणून ती बंदच करून टाकण्याचा सल्ला काही तंत्रज्ञ देतात. तो मानू नये. यूएसीच्या सरकपट्टीवर चार पातळ्या आहेत. तिथे मूळची, म्हणजे वरून दुसरी पातळी घरच्या वापराला पुरेशी आहे, आणि सर्वात वरची अधिक चांगली. सर्वात खालच्या पातळीवर प्रशासक खात्याला काहीच विचारले जात नाही, तर स्टँडर्ड खात्याची प्रत्येक मागणी न विचारताच नाकारली जाते, त्यामुळे दोन्हीकडून तोटाच होतो.

खाती वेगळी करण्याचा योग्य क्रम

अनेक जण नवे स्टँडर्ड खाते उघडतात आणि मग जुन्या खात्यातील कागदपत्रे, छायाचित्रे, ब्राउझरमधील खुणा (बुकमार्क) नव्यात कशा न्याव्यात या काळजीने अर्ध्यावरच सोडून देतात. काहीही हलवण्याची गरज नाही. आपण वापरत असलेले जुने खाते तसेच ठेवून त्याचा दर्जा उतरवायचा, आणि प्रशासनासाठी एक नवे, रिकामे खाते उघडायचे.

सुरुवात मात्र एका तपासणीने करावी. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क कूटबद्ध केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, असते आणि तिची रिकव्हरी की, म्हणजे अडचणीच्या वेळी लागणारा 48 अंकी क्रमांक, संगणक ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला त्या खात्यात जमा होतो. दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलने संगणक सुरू करून दिला असेल तर आपल्या डिस्कची किल्ली त्याच्या खात्यात पडून राहते. सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ (विंडोज 10 मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’) या विभागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहावे. चालू असल्यास आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर ती की सापडते का ते तपासून कागदावर उतरवून घ्यावी. ती सापडली नाही, तर आपण अजून प्रशासक आहोत तोवरच कूटबद्धीकरण बंद करावे, डिस्क पूर्ण उलगडू द्यावी, आणि नंतर स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने ते पुन्हा चालू करावे. पावसाळ्यात वीज जाण्या-येण्याचे दिवस असतील तर हे काम लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि चार्जर जोडून करावे.

आता नवे खाते. सेटिंग्ज उघडून ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘अदर यूजर्स’ येथे जावे. विंडोज 10 मध्ये हेच पान ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ या नावाने आहे. ‘अ‍ॅड अकाउंट’ दाबल्यावर विंडोज ई-मेल मागते. तिथे या व्यक्तीची साइन-इन माहिती आपल्याकडे नाही, असे सांगणारा दुवा निवडावा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरकर्ता जोडण्याचा पर्याय घ्यावा. खात्याला ‘व्यवस्था’ किंवा तसे काही वेगळे ओळखू येणारे नाव द्यावे आणि चांगला लांब पासवर्ड ठेवावा. त्यानंतर तीन सुरक्षाप्रश्न येतात, आणि त्यांची खरी उत्तरे देणे धोक्याचे आहे, कारण जन्मगाव कोणते, पहिली शाळा कोणती ही माहिती आपल्याकडे सगळ्या वाड्याला ठाऊक असते. उत्तरे मनाने ठरवून लिहावीत आणि पासवर्डसोबत घरच्या दस्तऐवजांच्या फाइलमध्ये ठेवावीत. घरातील निदान दोन प्रौढ माणसांना ती जागा माहीत असावी.

नवे खाते तयार होते तेव्हा ते स्टँडर्ड दर्जाचे असते. यादीत त्याच्यावर दाबून ‘चेंज अकाउंट टाइप’ मधून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करावे. मग जुन्या खात्यातून साइन आउट करून नव्या खात्यात प्रत्यक्ष प्रवेश करावा. तो पासवर्ड खरोखर चालतो याची खात्री झाल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये. खात्री झाल्यावर त्याच नव्या खात्यातून यादी उघडून जुन्या खात्याचा दर्जा ‘स्टँडर्ड यूजर’ करावा, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि नेहमीच्या खात्यात येऊन रोजचे काम करून पाहावे. सगळ्या फाइली, भिंतचित्र आणि ब्राउझर पूर्वीसारखेच असतील. जुन्या खात्याला पासवर्ड नसेल तर तोही याच वेळी ठेवावा.

मुलांसाठी आणि घरातील इतरांसाठी याच पानावरून प्रत्येकी एक स्टँडर्ड खाते उघडावे. नव्या प्रशासक खात्यातून मात्र ई-मेल पाहू नये, इंटरनेटवर भटकू नये, काही छापायचे असले तरी तिथे बसू नये.

डी ड्राइव्हवरील फाइली

खाती वेगळी केली म्हणजे फाइली वेगळ्या झाल्या, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो अर्धाच खरा आहे. प्रत्येक खात्याचा स्वतःचा फोल्डर, ज्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे विभाग येतात, तो दुसऱ्या स्टँडर्ड खात्याला उघडता येत नाही. परंतु दुकानदार डिस्कचे दोन भाग करून देतो आणि ‘महत्त्वाचे सगळे डीमध्ये ठेवा’ असे सांगतो, त्या डी ड्राइव्हवरील फोल्डर मूळ मांडणीत संगणकावरील सर्व खात्यांना खुले असतात. इतर खाती ते वाचू शकतात, आणि बहुधा बदलू आणि पुसूही शकतात.

पाळोळे किंवा हरमल भागात घरचीच दोन-तीन खोल्यांची होमस्टे चालवणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याचा फॉर्म सी, म्हणजे त्याच्या मुक्कामाची सरकारला द्यायची माहिती, ऑनलाइन भरावा लागतो, त्यामुळे पारपत्रांच्या आणि व्हिसाच्या प्रती त्या संगणकावर साठत जातात. आणि तोच संगणक दुसऱ्या पाहुण्याला बोर्डिंग पास छापायला दिला जातो. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या कामासाठी एक वेगळे स्टँडर्ड खाते ठेवावे आणि पारपत्रांच्या प्रती डी ड्राइव्हवरून ‘कट’ करून मालकाच्या खात्यातील डॉक्युमेंट्समध्ये आणाव्यात. सी आणि डी हे वेगवेगळे भाग असल्यामुळे तिथे आलेल्या फाइलींना नव्या जागेचेच निर्बंध लागू होतात, वेगळे काही करावे लागत नाही. पूर्वीच्या विंडोजमध्ये असलेले गेस्ट खाते विंडोज 10 पासून वापरता येत नाही, म्हणून ते शोधण्यात वेळ घालवू नये.

‘हे सॉफ्टवेअर प्रशासकाशिवाय चालतच नाही’

स्टँडर्ड खात्यावर येण्याला व्यापाऱ्यांचा सर्वात मोठा आक्षेप हा असतो आणि त्यात तथ्य आहे. डिचोलीतील एका हार्डवेअरच्या दुकानात मी पाहिलेला प्रकार नेहमीचाच आहे: बिलाचे जुने सॉफ्टवेअर उघडत होते, मालाची यादी दिसत होती, पण नवे बिल जतन करताना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असे सांगून ते थांबत होते. कारण साधे होते. ते सॉफ्टवेअर आपली आकडेवारी सी ड्राइव्हवरील ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्येच लिहीत होते, आणि तिथे लिहिण्याची परवानगी स्टँडर्ड खात्याला नसते. अशा वेळी तंत्रज्ञ पूर्ण खातेच प्रशासकाचे करून मोकळे होतात, म्हणजे एका फोल्डरच्या अडचणीसाठी सगळा संगणक उघडा टाकतात.

त्याऐवजी ते सॉफ्टवेअर आकडेवारीचा फोल्डर बदलू देते का, हे आधी त्याच्या सेटिंग्जमध्ये पाहावे; देत असेल तर आकडेवारी ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर न्यावी. तसे नसेल तर प्रशासकाच्या अधिकाराने फक्त त्या आकडेवारीच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’, मग ‘एडिट’ येथे जावे, यादीतील ‘यूजर्स’ हा गट निवडून त्याला ‘मॉडिफाय’ ची परवानगी द्यावी. ही परवानगी सॉफ्टवेअरच्या संपूर्ण फोल्डरला देऊ नये, कारण मग मूळ प्रोग्रॅमची फाइलच कोणालाही बदलता येईल. हा बदल करण्यापूर्वी आकडेवारीची प्रत काढून ठेवावी.

ई-निविदा भरणारे कंत्राटदार आणि कर सल्लागार वापरतात त्या डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनची गोष्ट सोपी आहे. टोकनचा ड्रायव्हर एकदा प्रशासकाच्या पासवर्डाने बसवावा लागतो. त्यानंतरची रोजची स्वाक्षरी स्टँडर्ड खात्यातून होते. प्रिंटरसोबत येणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचेही असेच आहे.

मॅक आणि लिनक्सवर तत्त्व हेच आहे. मॅकवर ‘यूजर्स अँड ग्रुप्स’ मध्ये खात्याचा प्रशासकी अधिकार काढता येतो. उबुंटूवर सर्वाधिकारी रूट खाते मुळातच कुलूपबंद असते आणि पहिल्या वापरकर्त्याला सुडो या आज्ञेने, पासवर्ड देऊन, तेवढ्यापुरते अधिकार घेता येतात. घरातील इतरांना सुडोच्या गटात घालू नये.

स्टँडर्ड खाते काय वाचवत नाही

स्टँडर्ड खाते विंडोजचे आणि इतरांच्या खात्यांचे रक्षण करते. आपल्या स्वतःच्या फाइलींचे नाही. खंडणी मागणारे घातक प्रोग्रॅम आपली कागदपत्रे कुलूपबंद करतात, आणि ज्या फाइली आपण बदलू शकतो त्या बदलायला त्यांना प्रशासक व्हावे लागत नाही. म्हणून बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढून ती डिस्क एरवी संगणकापासून वेगळी ठेवणे आवश्यकच राहते.

तसेच, ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे’ असे फोनवर सांगून दूरनियंत्रणाचे अ‍ॅप बसवायला लावणाऱ्यापुढे कोणताही दर्जा पुरा पडत नाही, कारण बँकेचा ओटीपी त्याला आपणच वाचून दाखवतो. ज्येष्ठांच्या खात्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड त्यांच्या मुलाकडे किंवा सुनेकडे ठेवल्यास निदान त्या बसवण्याच्या टप्प्यावर एक फोन घरच्या माणसाला होतो, पण अशी काही अ‍ॅप न बसवताही चालतात हे लक्षात ठेवावे. पैसे गेले असल्यास विनाविलंब 1930 या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकावर कळवावे.

पासवर्ड विसरल्यास आणि दुरुस्तीला देताना

घरातील कोणी आपल्या स्थानिक खात्याचा पासवर्ड विसरले तर प्रशासक खात्यातून तो नव्याने ठेवता येतो. मात्र असे केल्यास त्या खात्यात साठवलेले काही पासवर्ड आणि त्या खात्याने स्वतंत्रपणे कूटबद्ध केलेल्या फाइली हाती लागत नाहीत, त्यामुळे सुरक्षाप्रश्नांनी काम होत असेल तर तो मार्ग आधी वापरावा. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड इंटरनेटवरूनच बदलावा लागतो.

संगणक दुरुस्तीला देताना ‘पासवर्ड लिहून द्या’ असे हमखास सांगितले जाते. बिघाड केवळ पडद्याचा, कळफलकाचा किंवा चार्जिंगचा असेल तर कोणताही पासवर्ड देण्याचे कारण नसते, आणि तसे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. सॉफ्टवेअरचे काम असेल तर दुरुस्तीपुरते वेगळे प्रशासक खाते उघडून त्याचा पासवर्ड द्यावा. ते खातेही आपल्या फाइली उघडू शकते, म्हणून अत्यंत खासगी कागदपत्रे आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावीत. संगणक परत आल्यावर ते खाते काढून टाकावे, खात्यांच्या यादीत अनोळखी नाव उरले आहे का पाहावे, आपले रोजचे खाते पुन्हा प्रशासकाचे करून ठेवलेले नाही ना, आणि यूएसीची सरकपट्टी तळाशी नेलेली नाही ना, हे तपासावे. या दोन्ही गोष्टी दुरुस्तीच्या सोयीसाठी केल्या जातात आणि पूर्ववत करायच्या राहून जातात.